ढोल बसमध्येच होता

त्या फुटबॉलच्या मैदानावर माणसं कशी मेली, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असायचं. फाटकामुळे. लोखंडी फाटकाचं एक दार आतून साखळी घालून बंद ठेवलेलं होतं, आणि ते उघडायचं ज्याचं काम तो किल्ली खिशात घालून आत सामना बघत उभा होता. हे मी म्हणत नाही, चौकशीवाल्या साहेबांनी म्हटलं. पेपरातही आलं. मग आणखी कुणी तोंड उघडायचं कारण काय? तरी लोक उघडायचे. मासळीच्या टोपलीपुढे, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल थांबली की तिच्याभोवती, बसच्या रांगेत. कुणी नुसता 'ढोल' एवढा शब्द काढला तरी माझं डोकं फिरायचं. कारण तो ढोल माझ्या नवऱ्याच्या गळ्यात असायचा.

गोवा मुक्त झाला तेव्हा माझे घरकार, म्हणजे यजमान, पाळण्यात होते आणि मी जन्मायची होते. मी सावंतवाडीकडची. लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या या खाणीच्या गावात आले, तेव्हा पहिलं वर्ष धूळ पुसण्यातच गेलं. जनेल उघडलं की तांबडी धूळ, बंद केलं की घामाच्या धारा. घरकार खाणीवर ट्रक चालवायचे. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. मी मनात म्हटलं, आई गं, या खांबाबरोबर जन्म काढायचा? मग शिगमो, इथला शिमगा, आला आणि त्यांनी गळ्यात ढोल अडकवला. अहो, माणूसच वेगळा! डोळे लकाकायला लागले, खांदे हलायला लागले, आणि मला बघून चक्क हसले. मी त्यांच्या प्रेमात पडले ती लग्नानंतर चार महिन्यांनी, आणि ते ढोलामुळे. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, उगाच चढून बसले असते.

शिगम्यात आमच्याकडे रोमट निघतं. गावचे सगळे पुरुष ढोल, ताशे, झांजा घेऊन एकमेकांना चिकटून नाचत निघतात, मांडावरून, म्हणजे शिगम्याच्या चौकातून, देवळाकडे आणि तिथून घरोघर. दुसऱ्या गावांत ढोल कुठेही असो, आमच्या गावात तो शेवटी असतो. ढोल मागून मेळाला ढकलतो, असं म्हणतात. त्याची लय वाढली की मागच्याने छाती पुढच्याच्या पाठीला लावायची आणि सरकायचं. ढोल वाजतोय तोवर कुणी थांबायचं नाही. समोरून बैलगाडी येवो की खाणीचा ट्रक, त्याने बाजूला व्हायचं, कारण रोमट देवाचं. वाट मागावी लागत नाही, ती होते. आमच्या माणसांनी जन्मापासून हेच पाहिलेलं. जगात कुठेही गेलं आणि ढोल वाजवला की वाट होते, हे त्यांच्या रक्तातच भिनलेलं.

त्या वर्षी आमच्या तालुक्याचा संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचला. गाव नुसतं येडं झालं. गोल म्हणजे काय हे ज्यांना कालपर्यंत ठाऊक नव्हतं, ते कोचच्या नावाने खडे फोडायला लागले. मी गावच्या बालवाडीत शिकवायचे, तिथली पोरं 'अ आ इ'च्या जागी खेळाडूंची नावं म्हणायची. खाणीवाल्यांनी दोन बसगाड्या दिल्या. मांडाचा मानकरी, गावात ज्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही असा म्हातारा, त्याने देवापुढे नारळ ठेवला आणि मांडावरचा ढोल बाहेर काढून दिला. शिगमो सोडून ढोल गावाबाहेर कधी जात नाही. त्या दिवशी गेला. मीच त्यावर हळदकुंकू लावलं, आणि घरकारांना म्हटलं, "हरून इल्यात तर घरात घेवचंय नाय." ते हसले.

आमच्या कुंपणापलीकडे काकी राहायची. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. तो खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून नुकताच लागला होता. विशीतला, उंचापुरा, मिशी यायची घाई झालेला. शिगम्यात घरकारांच्या पुढ्यातच नाचायचा आणि मागे वळून ओरडायचा, "दादा, वाढव!" म्हणजे लय वाढव. त्या दिवशी तो खाणीच्या बसगाड्यांची वाट बघत थांबला नाही. "मी फुडे जावन जागा धरतंय," म्हणाला, आणि सकाळच्या बसने एकटाच गेला. काकीने कागदात दोन उंडे पाव आणि पातळभाजीचा डबा बांधून दिला. डबा परत आण हं, असं तिने तीनतीनदा बजावलेलं मी कुंपणाअलीकडून ऐकलं.

मी मैदानावर नव्हते. जे सांगते ते नंतर गोळा केलेलं, आणि त्यातलं मुख्य तर मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या मैदानाला आमच्या बाजूच्या लोकांसाठी एक बोळ होता, दोन उंच भिंतींमधून फाटकापर्यंत जाणारा. आमच्या बसगाड्या उशिरा पोचल्या. आत सामना सुरू झालेला, आरडाओरडा ऐकू येत होता, आणि बोळ माणसांनी गच्च भरलेला. आमचे लोक सगळ्यांत मागे, आणि काकीचा मुलगा गावची वाट बघत पार पुढे, फाटकाशी. पोरं उतावीळ झाली. कुणीतरी म्हणालं, रोमट घालूया, वाट होतली. झालं! ढोल शेवटी, बाकीचे पुढे, आणि 'ओस्सय' अशी शिगम्याची आरोळी देऊन मेळ निघाला. मागून आणखी दुसऱ्या गावांची माणसं आली, ती ढोल ऐकून आणखी चेकाळली. बोळातल्या कुणाला बाजूला व्हायला जागा कुठे होती? दोन्हीकडे भिंती, पुढे साखळी. फाटकाजवळच्या माणसांनी बोंब मारली असेल, पण आतल्या प्रेक्षकांचा गलका आणि बाहेरचा ढोल, यात बोंब कुठली आणि जयजयकार कुठला, हे मागच्यांना कसं कळणार?

दिवेलागणीला बसगाड्या परत आल्या. कुणी ओरडत नव्हतं, म्हणून आम्हा बायकांना वाटलं, हरले. ढोल गोणपाटात गुंडाळून दोघांनी उतरवला. घरकार उतरले आणि माझ्याकडे न बघता विहिरीवर गेले. कपड्यांसकट डोक्यावर पाणी ओतत राहिले. मी विचारलं, "काय झाला?" ते म्हणाले, "गेट बंद होता." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. कुंपणाशी काकी उभी होती. तिचा मुलगा कुठल्या बसमध्ये आहे, असं ती एकेकाला विचारत होती. मागच्या बशीत आसतलो, म्हणून प्रत्येक जण तिला टाळत होता. सकाळी खाणीच्या जीपने त्याला आणला. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. छातीवर निळं पडलेलं, तेवढंच. काकीने त्याचे केस सारखे केले, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला इथे लिहिता येणार नाही. घरकारांनी त्याला खांदा दिला. ते परत आले तेव्हा त्यांचे दात थंडी वाजल्यासारखे वाजत होते, आणि ऊन तर डोक्यावर होतं.

परत येताना बसमध्येच ठरलं होतं म्हणे. मानकरी पुढच्या सीटवरून उठला आणि म्हणाला, "आयका. ढोल बशीतच होतो. खाली उतरलोच नाय. कोणी इचारला तर हाच सांगाचा." ढोल देवाचा, त्याने स्वतः काढून दिलेला, म्हणजे ठपका आला तर देवावर, गावावर आणि त्याच्यावर. माझ्या नवऱ्यावर तर पहिला. त्यांनी त्या वेळी मान हलवली की नाही, कुणाला आठवत नाही. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, मला म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. साखळी घालणारा मोकळा सुटेल आणि ढोल वाजवणारा आत जाईल, चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आपल्याकडची रीत मला काय ठाऊक नाही? माझा माणूस वाचत होता. बाकीचं मग बघू, असं मी म्हटलं.

घरकारांना पणजीला चौकशीसाठी बोलावणं आलं तेव्हा मी बरोबर गेले. बसमध्ये सगळ्या वाटेने मी त्यांना तालीम देत होते, जशी बालवाडीतल्या पोरांकडून कविता घोटून घेते तशी. ढोल कुठे होता? बसमध्ये. बाहेर काढला होता का? नाही. आत त्यांना फार वेळ लागला नाही. साहेबाने विचारलं, त्यांनी सांगितलं, सही झाली. बाहेर आल्यावर मी त्यांना हॉटेलात नेऊन पुरीभाजी मागवली. त्यांनी पुरी मोडली आणि तशीच ठेवली. मी म्हटलं, "आता संपला मरे सगळा? खावा." ते म्हणाले, "सायबान एकदाच इचारल्यान गो." म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांना वाटत होतं, कुणीतरी दुसऱ्यांदा विचारेल.

काकी विचारायची. पण ती फाटकाचं विचारत नव्हती. साखळी कुणी घातली, किल्ली कुणाकडे होती, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. सरकारी माणसं आली तर ती पाठ करून बसायची. तिच्या मनाने एकच घेतलं होतं. तिचा मुलगा एकटा गेला, पुढे उभा राहिला, आणि परक्यांत मेला. गावचं एकही माणूस जवळ नव्हतं. गाव येतंय, मागे आहे, हे तरी त्याला मरताना ठाऊक होतं का? म्हणून जो जो गेला होता त्याच्या घरी ती जायची आणि ओट्यावर बसून विचारायची, "तुमी मागसून इल्यात, ता त्याका कळला आसात काय रे?" पुरुष तरी काय सांगणार? कळायला एकच गोष्ट होती, आणि ती तर बसमध्ये होती.

मग इब्रामपूरहून तिचा भाचा आला. तिचं माहेर पेडण्यातलं, इब्रामपूरचं. तो भाचाही मैदानावर गेला होता, दुसऱ्या फाटकाने आत शिरला म्हणून वाचला. आमच्या गावात काय ठरलंय, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तो सहज बोलून गेला की बाहेरून ढोल ऐकू येत होता, रोमटाचा. काकी तडक आमच्याकडे आली. मी तांदूळ निवडत होते. "गो, ढोल वाजत होतो?" तिने दारातूनच विचारलं. मी सुपातून मान वर केली नाही. "बशीत होतो, काकी. दुसऱ्या कोणाचो आसतलो." "रोमट आणि कोणाचा?" ती म्हणाली. आत घरकार खाटेवर बसलेले होते आणि मधे फक्त एक पडदा होता.

त्यानंतर ती येत राहिली. कधी ताक मागायला, कधी काडेपेटी मागायला, आणि जाताना तोच प्रश्न. मला तिचा राग यायला लागला. हो, यायला लागला! ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण माझं काय जळत नव्हतं? माझ्या घरात एक माणूस दिवसेंदिवस विरत चालला होता. जेवण नाही, बोलणं नाही. कुणी दार जोरात लोटलं तरी दचकायचे. एक दिवस खाणीतून जेटीकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत त्यांचा ट्रक उभा होता. आमच्याकडे ही रांग रोजचीच, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवणंही रोजचंच. मागून सगळ्यांनी एकदम हॉर्न लावले. घरकारांनी स्टिअरिंग सोडलं, दार उघडलं, उतरले आणि शेतातून चालत सुटले. ट्रक रस्त्यात तसाच. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी आले. मी विचारलं, तर म्हणाले, "मागसून ढकलीत होते." खाणीवाल्यांनी त्यांना ट्रकवरून काढून गोदामात बसवलं. चांगली माणसं म्हणून तेवढं तरी केलं.

मी काय काय केलं नाही? डॉक्टर केला, दृष्ट काढली, देवाला सांगणं केलं. रागावले, रडले. "अहो, गेट बंद होता! गेट बंद होता!" असं त्यांचे खांदे धरून ओरडले. ते म्हणायचे, "होय गो, बंद होता." आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायचे. मला वाटायचं, यांना वेड लागणार, किंवा एक दिवस ते विहिरीवर जातील आणि परत येणार नाहीत. मी पोहरा आत आणून ठेवायला लागले, जणू पोहऱ्यावाचून माणसाला विहिरीत जाता येत नाही. भीतीने बाईची अक्कल अशी होते. ते पूर्वीसारखे व्हावेत, निदान जगावेत, याच्यापलीकडे मला त्या वर्षात काहीही नको होतं.

शिगमो आला. दुसरा कुणी ढोल वाजवणारा नाही असं नव्हतं, पण मांडावर मान आमच्या घराचा. सकाळी मानकरी स्वतः आमच्याकडे आला. ओट्यावर बसला, चहा घेतला, आणि समजावू लागला. वर्ष होत आलं, देवाचं काम अडवू नये, मेलेल्याच्या मागे कुणी मरत नाही, सगळं तेच जे अशा वेळी बोलतात. त्याने आणलेला ढोल ओट्याच्या कडेला ठेवला होता. घरकार त्याच्याकडे बघत नव्हते. दुखवट्याच्या घरावरून मेळ मुक्यानेच जातो, ढोल खाली धरून, ही आमची रीत. "काकीच्या दारावयन मुक्याटीनंच जावया," असं मानकरी म्हणाला, आणि तेवढ्यात कुंपणाचं दार वाजलं. काकी.

ती आत आली नाही. खळ्यात, अंगणातच, उभी राहिली. ढोलाकडे बघितलं, मग सरळ घरकारांकडे. त्या दिवशी ताक नाही, काडेपेटी नाही.

"तू सांग," ती म्हणाली. "ढोल वाजत होतो?"

"काकी, कितींदा सांगाचा तुका..." मानकऱ्याने सुरू केलं. मीही तोंड उघडलंच होतं.

"होय," घरकार म्हणाले.

मानकऱ्याच्या हातातली बशी कलंडली. मी त्यांचा दंड धरला, अगदी नखं रुतेपर्यंत. त्यांनी माझा हात सोडवला नाही. तसेच बोलत राहिले. "वाजत होतो. मी वाजयत होतंय. आमी सगळे होतो. रोमट घातला. अखेरपर्यंत वाजत होतो, काकी."

काकी खाली बसली. तिथेच, खळ्याच्या मातीत. "म्हणजे त्याणां आयकल्यान," ती म्हणाली. तिने दोनतीनदा मान हलवली. "तुजो हात त्याका कळता. आपलो गाव इलो म्हणून त्याका कळला." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोंडावर काहीतरी असं पसरलं की मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो आम्ही. एवढंच हवं होतं तिला. वर्षापूर्वीच हिच्या पदरात हे टाकलं असतं तर? माझ्या मनात हा विचार पुरा व्हायच्या आत तिचा चेहरा बदलला. हळूहळू बदलला. ती मोजत होती, ढोल कुठे, बोळ कुठे, तिचा मुलगा कुठे. ती अडाणी होती, मूर्ख नव्हती. आणि जन्मभर तिने शिगमो बघितलेला होता.

"मगे थांबलंस कशाक नाय?" तिने विचारलं.

हा प्रश्न येणार याची मी वर्षभर तयारी केली होती. गेट बंद होता, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण तिने मला विचारलं नव्हतं.

घरकार ओट्यावरून उतरले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "फुडे बघलंय, काकी," ते म्हणाले. "हात वर होते सगळ्यांचे. लांबसर नुसते हातच हात. हलत होते." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर धरून दाखवले. "माका वाटला, नाचतत."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते. एका अंथरुणावर झोपत होतो आम्ही, एका ताटाशी बसत होतो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना गेट, गेट म्हणून ओरडत होते आणि ते त्या हातांकडे बघत बसलेले असायचे. मला रडू फुटलं, आणि मी तोंडात पदर कोंबला.

"लय वाढवलंय मी," ते म्हणाले. "त्याच्यानंतर."

काकी उठली. तिने हात झटकले, लुगड्याची माती झटकली. मला वाटलं, आता शिव्याशाप. देवाशपथ, मला ते चाललं असतं. ती म्हणाली, "ढोल घेवन ये माझ्या खळ्यात. त्याणां जा आयकल्यान, ता माका आयकूचा असा."

"अगो, दुखवटो असा तुज्या घरात, रीत नाय ती," मानकरी म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी मधे पडले. मी म्हटलं, काकी, माणूस मरतलो माझो, कित्याक छळतंस? मी म्हटलं, तुझ्या पाया पडते. ती चालू लागली होती. आणि घरकारांनी ढोल उचलला. वर्षभर ज्याच्याकडे बघत नव्हते तो उचलून गळ्यात अडकवला आणि कुंपणाच्या दारातून तिच्या मागे गेले. मी मागोमाग धावले.

काकी पायरीवर बसली. घरकार खळ्याच्या मधोमध उभे राहिले. ना मेळ, ना ताशा, ना झांजा. सकाळचं ऊन आणि एकटा ढोल. पहिले काही ठोके चुकले. मग हाताला ठेका सापडला. वाडीतली माणसं कुंपणापाशी जमली, दुखवट्याच्या घरात ढोल कसा म्हणून. काकी त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. लय सावकाश होती, मग वाढायला लागली, रोमटात वाढते तशी. घरकारांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. आता ते आवरू शकणार नाहीत असं मला वाटलं. मी पुढे होणार, तेवढ्यात काकीने हात वर केला.

"थांब," ती म्हणाली. ओरडली नाही, साध्या आवाजात म्हणाली.

ढोल थांबला. त्याच क्षणी थांबला. टिपरू हवेतच राहिलं.

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. "एवढाच करूचा होता रे," ती म्हणाली, आणि आत गेली.

घरकार तसेच उभे होते. मी जाऊन त्यांच्या गळ्यातला पट्टा काढला, त्यांच्या बोटांतून टिपरू सोडवून घेतलं. मला काकीचा भयंकर राग आला होता. तो अजून आहे, ती गेली तरी आहे. पण त्या दिवसापासून मी कुणाजवळ फाटकाचं नाव काढलेलं नाही.